गाळलेली ओळ

बाबांना कानाला यंत्र लावूनही धड ऐकू येत नसे. म्हणून त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचा व्हिडिओ खिशात मावणाऱ्या छोट्या व्हिडिओ प्लेअरवर घालून देण्याआधी लेक त्याला सबटायटल्स टाकायला बसली. साहेबांचं भाषण, काकांचे विनोद, आईचं रडत रडत बोलणं, सगळं तिने शब्दन् शब्द टाइप केलं. मग पडद्यावर तीच माइक घेऊन उभी राहिली.

"आमच्या बाबांसमोर काहीही बोला. ऐकू येवो न येवो, हसणार म्हणजे हसणारच!"

अख्खा हॉल खो खो हसला. सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बाबाही हसले.

तेवढी ओळ तिने गाळली.

दुसऱ्या दिवशी बाबा सोफ्यावर बसून ओळ न् ओळ वाचत होते, काकांच्या विनोदांना आत्ता कुठे मनापासून हसत होते. मध्येच त्यांनी प्लेअर तिच्यापुढे धरला.

"इथं लिहायचं राहिलं बघ. एवढे सगळे हसतायत, मीसुद्धा. काय म्हणाली होतीस गं?"

तिला मान वर करवेना.

"लिही ना. कशाला हसलो, ते तरी कळू दे मला."