काईल ऐकणारे पावणे

गुऱ्हाळावर काम करणाऱ्या गुंडूच्या ट्रान्झिस्टरवरचं शेतीचं भाषण मध्येच गायब झालं आणि परत तो आवाज सुरू झाला. सलग तिसरी दुपार. आधी दाट खळखळ, मग हळूहळू विरळ होत जाणारी. गुंडूनं डबडं उलटंपालटं करून दोन थपडा दिल्या.

"परत तेच! सेल बी नवं हाईत की. कुठलं स्टेशन म्हणायचं हे?"

गणपती गुळव्याला यातलं काहीच ऐकू आलं नाही. तो गुऱ्हाळाच्या काईलीवर, त्या अजस्र कढईवर, वाकून उसाचा रस ढवळत होता आणि त्याची नजर खाली, चुलवाणाच्या जळत्या तोंडाशी बसलेल्या बायकोवर, बायडाबाईवर होती.

बाकीचे गुळवे रस पिकला का ते पाण्यात गोळी टाकून बघतात. गणपती बुडबुड्यांच्या नुसत्या आवाजावर काईल उतरवायचा आणि शिरोळ भागात त्याचं नाव होतं ते यासाठीच. दिवाळीपासून त्याचे कान पार गेले होते. हे एकट्या बायडाबाईला ठाऊक. चिपाडं सारता सारता ती काईल ऐकायची, रस पिकला की हातातलं चिपाड उंच धरायची, आणि वरून गणपती ऐटीत ओरडायचा, "उतरा!" परवा नेमक्या त्याच वेळी तिला धुरानं खोकल्याची उबळ आली आणि आधण, काईलभर रस, करपलं. आणखी एक करपलं तर गुळव्या बदलीन, असं मालकानं सगळ्यांदेखत सुनावलं. चाळीस वर्षं काईलीवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे सुनावलं गेलं. त्याला ते ऐकू आलं नाही एवढंच नशीब. घरी जाऊन बायडाबाईनं त्याला खुणांनी समजावलं, तेव्हा तो जेवला नाही.

आजचं आधण पिकत आलं होतं. तेवढ्यात समोरच्या फडात वारा नसताना ऊस दुभंगला आणि त्यातून तिघे बाहेर आले.

उसाच्या तुऱ्याएवढे उंच. काकवीसारखे पिवळसर, आरपार दिसणारे. तोंड असायला हवं तिथं नुसता मंद उजेड. ते चिपाडांवरून चालत आले, पण एकही चिपाड मोडलं नाही. गुंडूच्या हातून ट्रान्झिस्टर पडला आणि तो बांधाकडं धावत सुटला. बाकीचेही त्याच्यामागं पळाले. क्षणात गुऱ्हाळ ओस पडलं.

गणपती हलला नाही. पिकत आलेल्या काईलीपासून गुळव्या हलत नसतो. त्यानं बायडाबाईकडं पाहिलं. ती हातातलं चिपाड विसरून, आ वासून त्या तिघांकडं बघत होती. आता काईल कोण ऐकणार?

ते तिघे काईलीशी आले आणि वाकले. जत्रेत पोरं पाळण्यापुढं उभी राहतात तसे, अगदी कौतुकानं. त्यातल्या एकानं गणपतीच्या छातीवर हात टेकला.

आणि गणपतीला ऐकू आलं. फट्... फट्... फट्... कानात नव्हे, छातीत. चार महिन्यांनी त्याची काईल त्याच्याशी बोलत होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

जमिनीवर पडलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही तोच आवाज येत होता. बायडाबाईनं मान वळवून तिकडं पाहिलं. तीन दिवस डबडं वाजत होतं ती आपलीच काईल! दिवसभर कानाशी असलेला आवाज कुणी ओळखला नव्हता. वर कुठंतरी तो यांनी ऐकला होता, ऐकू आल्याची खूण म्हणून तोच डबड्यातून परत धाडला होता, आणि आता बघायला आले होते.

"उतरा!" गणपती ओरडला.

उतरवायला होतं कोण? बायडाबाई तेवढी धावत वर आली. पण काईल उतरताना जो कुणी हजर असेल त्यानं हात लावायचा, मग तो मालक असो की वाडीला दत्ताच्या दर्शनाला निघालेला वाटसरू, ही गुऱ्हाळाची रीतच. गणपती त्या तिघांवर खेकसला.

"बघत काय हुबा ऱ्हायलाय, पावणं? लावा की हात!"

त्यांनी हात लावले. एरवी सहा गड्यांना घाम फोडणारी काईल पाण्यावर तरंगणारी टोपली उचलावी तशी उचलली गेली. गूळ निववायच्या वाफ्यात तो पसरला, सोन्याच्या रंगाचा. गणपतीनं उसाच्या पाल्यावर तीन गोळे काढून पुढं केले. "फुकून खावा. त्वांड भाजंल." मग त्या उजेडाकडं पाहून तो जरा घोटाळला. "आसंल तिथं भाजंल."

गोळे उजेडात विरघळले. तिघे आले तसे उसातून गेले आणि फडामागून काहीतरी, आवाज न करता, आभाळात चढलं. गणपतीची छाती पुन्हा मुकी झाली.

माणसं घाबरत परतली. मालक धावत आला, त्यानं गूळ चाखला आणि दुसरा खडा काढायला वाकला. तासाभरानं दुसरं आधण चढलं. उन्हं कलली तसं गुंडूचं डबडं पुन्हा खळखळायला लागलं. तो ते बंद करणार, तोच खालून बायडाबाईनं आधी डबड्याकडं, मग काईलीकडं बोट केलं. गणपतीनं ते गुंडूच्या हातून ओढून घेतलं आणि छातीशी गच्च धरलं.

डबडं थरथरत होतं. आधी दाट. मग विरळ.

खाली बायडाबाई काईलीकडं कान लावून होती. फट्... फट्... तिनं चिपाड उचललं, पण त्याआधीच वरून आवाज आला, "उतरा!"

तिनं पाहिलं, डबडं त्याच्या छातीशीच होतं. मग तिनं तोंड वर केलं आणि हातातलं चिपाड आभाळाकडं उंच धरलं.