चोपन्न फरश्या

"कर्जाच्या घरात मी राहणार नाही," असं म्हणून सासरे दाराजवळच्या स्टुलावर बसले ते बसलेच. कापडी पिशवी मांडीवर, चपला पायात, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी.

सुनेने डोक्याला हात लावला. तीन आठवड्यांपूर्वी हे गृहस्थ आपल्या भाड्याच्या खोलीत, बाथरूममध्ये पडले होते. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत चार तास तसेच ओल्यात पडून. आज दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, यांना आता एकटं ठेवायचं नाही. आणि हे म्हणत होते, मला माझ्या खोलीवर सोडा!

"बाबा, घराचं कर्ज म्हणजे काही कर्ज नव्हे हो," मुलगा म्हणाला. तो बस चालवायचा आणि घरीही हॉर्नच्या वरताण बोलायचा. "सगळेच घेतात. ते कुणी धरत नाही."

"बँक धरते ना?"

"आणि तुम्ही जन्मभर भाडं भरलंत ते?"

"महिना भरला, भाडं दिलं, विषय संपला. बहात्तर वर्षं झाली, कुणाची एक पै डोक्यावर ठेवली नाही मी. आता मरताना ठेवू?"

"मग जा! जा आणि पडा पुन्हा!" मुलगा ओरडला, आणि लगेच तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने गाडीची किल्ली उचलली. म्हातारेही काठीवर जोर देऊन उठायला लागले. दोघंही एकाच मुशीतले, हट्टाला पेटले की पेटले. आणखी दोन मिनिटांत हे दोघं जिना उतरणार आणि मग सगळ्यांच्या जिवाला घोर, हे सुनेला स्पष्ट दिसलं. ती शाळेत गणित शिकवायची. तिने एकदम विचारलं,

"बाबा, आमच्या घरात फरश्या किती हो?"

"एकशे वीस," ते न बघताच म्हणाले. उभा जन्म लोकांच्या घरात फरश्या बसवण्यात गेलेला. इथे यायचे ते तासभर बसून परत जायचे, पण तेवढ्यात मोजून ठेवल्या होत्या. "दोन फुटी आहेत. आणि काम भिकार आहे."

"हप्ते दोनशे चाळीस. म्हणजे दोन हप्त्यांना एक फरशी. बरोबर?"

"हं."

"आमचे एकशे आठ हप्ते भरून झाले. मग किती फरश्या सुटल्या?"

ते उत्तर द्यायला राजी नव्हते, पण हिशोब समोर आला की त्यांना राहवायचं नाही. "चोपन्न."

"मग त्या चोपन्न फरश्यांवर कुणाचं कर्ज आहे, सांगा बघू."

मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की शेवटच्या बाकावरची पोरंही गप्प बसली असती. त्याने तोंड मिटलं.

म्हातारे उठले. दारापासून सुरुवात करून एकेका फरशीवर काठी टेकवत निघाले. मोठ्याने मोजत होते, ओळ संपली की थांबून दम खात होते. नऊ-नऊच्या सहा ओळी झाल्या आणि काठी खिडकीखाली पोचली. मध्येच एका फरशीतून भद्द आवाज आला तेव्हा म्हणाले, "ही पोकळ आहे. ही बँकेच्या वाटणीला टाका." मुलाला हसू आवरेना. त्याने डोळे पुसले, आतली खाट ओढत आणली आणि खिडकीखाली लावली. एकही पाय हद्दीबाहेर जात नाही, हे वडिलांनी वाकून दोनदा पाहिलं. मग पिशवी खाटेवर ठेवली.

सुनेचा जीव भांड्यात पडला. अशी मोकळी ती कित्येक दिवसांत हसली नव्हती.

मुलगा खोलीवरचं सामान आणायला गेला. तिने चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मात्र मन खायला लागलं. पंधरा वर्षं ती मुलांना एक पायरी गाळली म्हणून मार्क कापत आली होती. आज तिने सगळं व्याजच गाळलं होतं! पहिली कितीतरी वर्षं हप्त्यातलं बरंचसं व्याजातच जातं, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? ते राहिले खरे, पण म्हाताऱ्या माणसाला फसवलं ते फसवलंच.

ती कप घेऊन बाहेर आली. सासरे दुखरा पाय लांब करून खाटेवर टेकून बसले होते. उन्हाची तिरीप पायावर आली होती.

"गणितबाई," ते म्हणाले, "व्याज धरलं नाहीस."

कप बशीत खडखडला.

"धरलं असतंस तर तिसाच्या आसपास फरश्या सुटल्या असत्या. माझी खाट त्या चपलांच्या कपाटाशी आली असती." त्यांनी तिच्या हातातून कप काढून घेतला. "सांडशील बिंडशील, मग पुसत बसशील. इथे उजेड बरा आहे."

"पण बाबा, तुम्हाला कसं... तुम्ही तर कधी कर्जच काढलं नाहीत!"

"मी नाही काढलं. पण चाळीस वर्षं ज्यांच्याकडे फरश्या बसवल्या, त्यांनी काढलं होतं. सगळ्यांनी. मी खाली बसून घासत असायचो आणि वर नवरा-बायको व्याजावरून भांडत असायचे." त्यांनी चहाचा एक मोठा घोट घेतला. "माझी मजुरी त्याच कर्जाच्या पैशातून यायची, बाई. भाडंही मी त्यातूनच भरलं."