कडूबाची ओ

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. खामगावाकडच्या एका वीजघराची गोष्ट सांगतो. तिथल्या बॉयलरच्या वाफेवर टर्बाईन फिरे. वर्षातून एकदा माणसं बॉयलरच्या पोटात उतरून साचलेला क्षार खरवडत. एका साली झाकण लागलं, खाली जाळ पेटला, अन् त्यांच्यातला बिचारा कडूबा आतच राहून गेला. तेव्हापासून रंगराव मिस्त्री झाकण लावण्याआधी एकेकाचं नाव पुकारी, आणि शेवटी आत तोंड घालून कडूबाचंही.

त्या दिवशी सगळ्यांनी बाहेरून ओ दिली. मग रंगरावानं आत हाक मारली, "कडूबा!"

"हाव मिस्त्री. झाकण नोका लावू."

रंगरावानं उचललेलं झाकण परत खाली ठेवलं.

"काऊन थांबले बे? दिवे लागायची वेळ झाली!" मुकादम खेकसला.

रंगराव देवाचं नाव घेत कंदिलासकट आत उतरला. तळाशी इंद्रभान बेशुद्ध पडलेला. आपली ओ देऊन झाल्यावर, बाकीची नावं चालू असताना, विसरलेला हातोडा आणायला तो गुपचूप परत शिरला अन् घसरून पडला होता.

तोंडावर पाणी मारल्यावर इंद्रभान पुटपुटला, "मिस्त्री, मले मांडीवर घेऊन कोन बसलं होतं जी?"

बापहो, आज पानावर बसाल तेव्हा एक घास कडूबाच्या नावानं बाजूला ठेवा.