सुतळीच्या रेषेत

"स्टिअरिंग हलू देऊ नकोस!" पुढच्या चाकाशी आडवा पडलेला नवरा ओरडला. चाकं एका रेषेत आणायला मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत त्यानं सुतळी ताणली होती. डावीकडे ओढणारा ट्रक अंगणातच सरळ करून त्याला आजच भाडं घेऊन खिंडीपलीकडे जायचं होतं.

तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती केबिनमध्ये चढली होती. इथून कुंपणापलीकडचा रस्ता थेट खिंडीपर्यंत दिसत होता. खिंडीपलीकडच्या गावात आई अंथरुणाला खिळलेली.

"जाताना मला आईकडे सोडाल?"

"ट्रकात बाईमाणूस शोभत नाही, कितीदा सांगू?" त्यानं शेवटचा नट आवळला. "हं, टेकलं चाक सुतळीला! उतर आता, लोक बघतील."

तिनं स्टिअरिंग सोडलं, उघडं दार आतून ओढून घेतलं आणि कुलपाचा खटका दाबला.