दारावरचे आवाज

क्षणभर डोळे मिटा बरं, आणि एक दार डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधलं साधं लाकडी दार. स्वयंपाकघराच्या बाजूने त्याच्यावर वरपासून खालपर्यंत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. आणि दारासमोर स्टुलावर उभी, मैद्याच्या खळीने कोपरापर्यंत माखलेली बारकी.

शाळेत बाईंनी निबंधाचा विषय दिला होता, 'आमच्या घरातले आवाज'. लिहायचं उद्या, वर्गात. आज नुसतं सुचू द्यायचं. जे सुचेल ते चिठ्ठीवर उतरवायचं, वेडंवाकडं असलं तरी खोडायचं नाही. काय ठेवायचं नि काय गाळायचं, ते सगळं समोर मांडून झाल्यावर.

बाबा कामावरून आले. ते तक्रारींच्या खिडकीत बसत. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि वर गोड बोलायचं, अशी नोकरी. चहाचा कप घेऊन ते दारासमोर उभे राहिले.

"'नळ रात्री एकटाच बडबडतो.' वा. 'आई रागावली की भांडी बोलतात.'" बाबा खो खो हसले. "ऐकलंस का गं? पोरीने बरोबर पकडलंय तुला."

"वाचा, वाचा," ओट्यापाशी उभी असलेली आई म्हणाली. "तुमचीही असेल एखादी."

होती. बारकी स्टुलावरच आखडून बसली.

'बाबा दार आपटतात. मग घर इतकं गप्प होतं, की त्याचाही आवाज येतो.'

बाबांचं हसू तिथेच विरलं. त्यांनी कप खाली ठेवला, चिठ्ठी ओरबाडून काढली आणि मुठीत चुरगळली.

"हे लिहायचं नाही."

"मी अजून लिहीतच नाहीये," बारकी म्हणाली. "नुसतं सुचलंय."

"असलं सुचायचंही नाही. घरातलं कुणी चव्हाट्यावर मांडतं का? आवाजच हवेत ना? मग घड्याळ लिही. टिकटिक करतं म्हणावं."

"आपलं घड्याळ बंद आहे."

आईच्या हातातली पळी थांबली. हसू आवरायला तिने पाठ फिरवली, पण ते बाबांना दिसलंच.

"तोंड वर करून बोलू नकोस," बाबा म्हणाले. चिठ्ठीचा बोळा त्यांनी कोपऱ्यात भिरकावला.

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्टुलावरून उतरली.

"तुम्हाला सुचलेलं तुम्ही लिहा, बाबा. हे मला सुचलंय. आधी काही खोडायचं नाही, असं ठरलंय. आणि नंतर निवडायचं ते मी."

बाबांचे कान लाल झाले.

"सांग तुझ्या बाईंना," ते एकेक शब्द चावत म्हणाले, "आमच्या घरात कुणीही दार आपटत नाही."

आणि पुढच्या खोलीत जाताना त्यांनी दार असं आपटलं, की निम्म्या चिठ्ठ्या पटापट गळून पडल्या.

मग घर गप्प झालं. आई हलली नाही. नळाचा थेंब तेवढा पडत राहिला.

बारकीने खालची एकही चिठ्ठी उचलली नाही. ती कोपऱ्यात गेली. बोळा उलगडला, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला. खळीची वाटी घ्यायला वळली, तर आईने ती आधीच पुढे सरकवली होती.

बारकीने दार हळूच उघडलं आणि पलीकडे गेली. बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. बोटाने चारही कडांना खळ लावली, आणि ती सुरकुतलेली चिठ्ठी त्यांच्या बाजूने चिकटवली, बरोबर दाराच्या मुठीशेजारी, जिथे हात नेल्याशिवाय ते दार ओढता येत नाही.