टाकीला भोक

भिवराबाईनं टाकीच्या तोंडात एक पाय घातला होता. पदर नाकावरून घेऊन मानेमागं गच्च बांधला होता. ती दुसरा पाय उचलणार तोच खालून धोंडीराम म्हणाला, "उतर."

"मामा, आज जोड मारायचाय नव्हं?"

"मारायचाय. पर आधी उतर."

सून खाली उतरली.

टाकी पाण्याची होती. दुष्काळाचं तिसरं साल. तेलगावजवळ सोसायटीच्या शेडमध्ये टँकरच्या टाक्या बांधायचं काम चालायचं. वडवणीकडच्या एका वस्तीची विहीर आटून आठ दिवस झाले होते. ही टाकी उद्या सकाळी ट्रकवर चढवायची, असं सोसायटीचे सेक्रेटरी सुंदरराव सांगून गेले होते.

धोंडीराम वेल्डर. तो बाहेरून जोड मारायचा. आतून पत्रा रेटून धरायला आणि जोडावरची खपली ठोकून काढायला एक माणूस लागायचं. टाकीचं तोंड लहान. अंगानं बारीक माणूसच आत जायचं. आजवरच्या सगळ्या टाक्यांत त्याची बायको केशरबाई गेली होती. ती संक्रांतीच्या आधी वारली. मुलगा बंकट ऊसतोडीला गेलेला. सासू आजारी म्हणून भिवराबाई तेवढी मागं राहिली होती. आज सकाळी धोंडीरामनं स्वतःच आत उतरायला बघितलं. खांदे अडकले, शर्ट फाटला.

पत्रा जस्ताचा. जाळ लागला की पांढरा धूर निघायचा. बाहेरचा वाऱ्यानं जायचा, आतला आतच राहायचा. केशरबाई बाहेर यायची तेव्हा तिच्या केसांत धुराची पांढरी जळमटं असायची, पिंजलेल्या कापसासारखी. "बगा, म्हातारी झाले," म्हणून ती हसायची. तोंड गोड गोड लागतंय म्हणायची. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरायचा, सकाळी उतरायचा. हिवताप असेल म्हणून ती गोळी घ्यायची आणि पुन्हा टाकीत जायची.

धुरावर दूध, हा शेडमधला ठरलेला इलाज. दूध प्यालं की छातीतला धूर धुऊन निघतो, असं जुने कारागीर सांगायचे. दूध संघाच्या गाडीतून वेल्डरच्या नावानं रोज अर्धा लिटर यायचं. चाऱ्यावाचून जनावरं आटली, कॅन अर्धे रिकामे यायला लागले, तरी तेवढं यायचं. केशरबाई पेला नवऱ्याच्या हातात द्यायची आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहायची. कधी तो म्हणायचा, "अर्धं तू घे." ती म्हणायची, "मला कशाला? जाळ तर तुमी मारता."

त्यालाही ते पटायचं.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "या वेल्डिंगच्या धुरात किती दिवस होत्या?"

"ती कुठं वेल्डिंग करती सायेब? नुसती आत बसून पत्रा धरती."

"आत म्हणजे?"

धोंडीरामनं सांगितलं. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही बाहेर होतात. सगळा धूर त्यांनी घेतला."

"आन् दूध?"

"दूध पोटात जातं हो. धूर छातीत जातो."

सून खाली उतरली तसा धोंडीरामनं खडू घेतला. टाकीच्या मागच्या अंगाला, तळाशी, ताटाएवढा गोल काढला. गॅसकटर पेटवला आणि गोलावरून फिरवला. पत्र्याचा तुकडा खण्णकन खाली पडला.

आवाज ऐकून सुंदरराव ऑफिसातून पळत आले. त्यांच्यामागं ट्रकवाला मुंजाजी.

"धोंडीराम! आरं काय केलंस हे?"

"भोक पाडलं."

"पाण्याच्या टाकीला भोक?" मुंजाजी मोठ्यानं हसला. "बायको गेल्यापासून ह्याचं डोकं फिरलंय, बे."

शेडमधली दोघं-तिघंही हसली. धोंडीराम रागावला नाही. त्यानं मुंजाजीकडं नुसतं बघितलं.

"वस्तीवरची माणसं हंडे घेऊन वाट बघायलीत," सुंदरराव म्हणाले. "उद्या त्यांना काय सांगू?"

"एक दिस उशीर होईल म्हून सांगा. आतलं काम झालं की मी बाहेरून ठिगळ मारतो. थेंब गळणार न्हाई."

"आन् मी म्हनलं, आजच पायजे?"

"मग तुमी उतरा आत."

सुंदररावांनी टाकीच्या तोंडाकडं बघितलं, मग भिवराबाईकडं. ते बाजूला सरले. धोंडीराम ऑफिसात गेला. त्यांच्या टेबलावरचा पंखा उचलून आणला, भोकाला लावला आणि चालू केला. तेही त्यांनी करू दिलं.

"जा आता," तो सुनेला म्हणाला. "धूर साचला तर हातोडी वाजव. हात थांबवतो."

भिवराबाई आत उतरली. त्यानं पहिला जोड मारला. पांढरा धूर टाकीच्या तोंडातून वर निघाला आणि शेडच्या बाहेर गेला. त्यानं हात थांबवला. आतून खपली ठोकल्याचा आवाज आला. मग सुनेचा.

"मामा, वारं लागतंय हितं. बरं वाटतंय."

धोंडीरामनं डोळ्यांपुढची काच खाली केली नाही. तो तसाच उभा राहिला.

दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच टाकीतून डोकं बाहेर काढून केशरबाई म्हणाली होती, "अवं, ह्याला मागून एक भोक पाडा की, लई कोंडतंय." त्यावर "पाण्याच्या टाकीला भोक?" म्हणून सगळी शेड हसली होती, आणि सगळ्यांत आधी हसला होता तो धोंडीराम.