हनुवटीवरचे अप्पा

वारल्यापासून अप्पा शर्वाणीच्या हनुवटीवर पुटकुळी होऊन राहत होते. त्वचेवरच्या जंतूंत मन साठवायची सोय आता कुणालाही परवडत होती.

पाहुणे दारात आले आणि शर्वाणीने फेसवॉश उघडला.

"अगं, त्यात टी ट्री ऑइल आहे!" अप्पा किंचाळले. "मी मरेन ना!"

"मागचं स्थळ तुमच्यामुळेच मोडलं, अप्पा. आणि मरायची सवय आहे की तुम्हाला," म्हणत तिने खसाखसा फेस चोळला.

ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाच्या नाकावरून त्याची दिवंगत आई म्हणाली, "वडील दिसत नाहीत?"

"गेले."

"अरेरे! कधी?"

"आत्ताच, तोंड धुताना."

नाकावरची पुटकुळी आक्रसली.

"मुलगी पसंत आहे हो आम्हाला," पुटकुळी घाईघाईने म्हणाली.